कंकण चपटे का दिसले?

१५ जानेवारी २०१० रोजी दक्षिण भारतातून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसले. आमच्या ओळखीचे एक विज्ञानशिक्षक ते पाहायला धनुष्कोडीला गेले होते. दुर्बिणीपुढे सौर गाळणी बसवून आणि नेत्रिकेला खिशात मावणारा छोटा कॅमेरा टेकवून त्यांनी सहा मिनिटांचे चित्रण करून आणले. महाराष्ट्रात त्या दिवशी ग्रहण खंडग्रासच होते. त्यामुळे कंकण कसे दिसते हे मुलांना दाखवायची सर्वांनाच उत्सुकता होती. शाळेत एक संगणक होता, पण त्याच्या पडद्याभोवती साठ मुले कशी उभी करणार? सभागृहात मात्र मोठा टीव्ही होता आणि त्याला डीव्हीडी प्लेअर जोडलेला होता. आम्ही ती फाईल कोऱ्या डीव्हीडीवर उतरवली, तबकडी आत सारली आणि पडद्यावर अक्षरे उमटली – 'चुकीची तबकडी'.

तीच तबकडी संगणकावर व्यवस्थित दिसत होती. मग कोणीतरी सांगितले की फाईल 'कन्व्हर्ट' करावी लागते. फुकट मिळणारे एक सॉफ्टवेअर शोधले, दिसतील ती बटणे दाबली आणि दुसरी तबकडी तयार केली. ही चालली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, कंकण गोल असतं ना? हे तर चपटं दिसतंय."

पडद्याला पट्टी लावून पाहिले. कंकणाची रुंदी १६ सेंटिमीटर भरली आणि उंची १५. मुलीचे निरीक्षण अचूक होते. चंद्र-सूर्याने काही चूक केली नव्हती, कॅमेऱ्यानेही नाही. चूक रूपांतरात झाली होती. ती कुठे झाली हे शोधता शोधता आम्ही थेट १९३० च्या दशकापर्यंत मागे गेलो. डीव्हीडी प्लेअर फाईलकडून ज्या ज्या आकड्यांची अपेक्षा करतो, त्यांतला प्रत्येक आकडा कोणत्या ना कोणत्या काळातल्या अडचणीचे उत्तर आहे. त्या आकड्यांचीच ही गोष्ट.

पन्नास आणि साठ

आमच्या कॅमेऱ्याने दर सेकंदाला ३० चित्रे टिपली होती. आपल्याकडच्या टीव्हीला हवी होती २५. हा फरक मुळात विजेच्या तारांतून आलेला आहे. युरोपात घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६० आवर्तनांची. सुरुवातीच्या दूरचित्रवाणी संचांत विजेच्या या हेलकाव्यांचा परिणाम चित्रावर होई. चित्र बदलण्याचा वेग आणि विजेची वारंवारता यांचा मेळ नसेल, तर पडद्यावरून काळसर पट्टे वरखाली सरकत राहत. मेळ असेल तर पट्टा एका जागी थांबतो आणि डोळ्याला फारसा खटकत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये १९३६ साली सुरू झालेल्या सेवेत सेकंदाला ५० अर्धी चित्रे, म्हणजे २५ पूर्ण चित्रे असत. अमेरिकेत ६० अर्धी, म्हणजे ३० पूर्ण. एकदा विषम क्रमांकाच्या रेषा, एकदा सम क्रमांकाच्या, अशी ही अर्धी चित्रे पाळीपाळीने रेखली जात.

पुढे अमेरिकेत ५२५ रेषांची पद्धत रुळली आणि युरोपात ६२५ रेषांची. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत चित्राची पद्धत मान्य केली, तेव्हा रंगाचा संदेश आणि आवाजाचा संदेश एकमेकांत मिसळून जाळी दिसू नये म्हणून ३० चा वेग हजारात एक भाग इतका कमी करावा लागला. तेव्हापासून तिकडे २९.९७ हा विचित्र आकडा चालत आला आहे. आपण ५० आवर्तनांच्या विजेचा देश. १९५९ साली दिल्लीत प्रक्षेपण सुरू झाले, १९७२ मध्ये मुंबईत. १९८२ साली रंग आला, तो जर्मनीत विकसित झालेल्या 'पाल' या पद्धतीने. रेषा ६२५, चित्रे २५.

७२० कुठून आले?

१९७० च्या दशकात स्टुडिओंमध्ये चित्राचे अंकांत रूपांतर करणारी यंत्रे येऊ लागली. रेषा डावीकडून उजवीकडे जाताना तिची प्रखरता ठरावीक अंतराने मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे, अशी ही रीत. या मोजणीला 'नमुने घेणे' म्हणतात. पण एका रेषेवर किती नमुने घ्यायचे? प्रत्येक देशाने आपापला आकडा ठरवला असता तर २५ आणि ३० च्या भांडणात आणखी एका भांडणाची भर पडली असती.

इथे अभियंत्यांनी एक सुंदर तडजोड शोधली. दोन्ही पद्धतींसाठी नमुने घेण्याचा वेग एकच ठेवायचा – सेकंदाला १ कोटी ३५ लाख. १९८२ साली या वेगाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हा आकडा दोन्ही पद्धतींना कसा लागू पडतो, हे मुलांना फळ्यावर करून पाहता येईल:

८६४ नमुने × ६२५ रेषा × २५ चित्रे = १,३५,००,०००

८५८ नमुने × ५२५ रेषा × २९.९७ चित्रे = जवळजवळ तेवढेच. (२९.९७ ऐवजी ३० भागिले १.००१ असे अचूक घेतले तर उत्तर बरोबर तेवढेच येते.)

यातला काही वेळ इलेक्ट्रॉनांचा झोत रेषेच्या शेवटाहून परत सुरुवातीला आणि पडद्याच्या तळातून परत माथ्याला येण्यात जातो. प्रत्यक्ष दिसणाऱ्या भागासाठी दोन्हीकडे ७२० नमुने धरले गेले. दिसणाऱ्या रेषा मात्र वेगळ्या राहिल्या. डीव्हीडीवर त्या आपल्याकडे ५७६ असतात आणि अमेरिकेत ४८०.

आता त्या मुलीचे उत्तर जवळ आले. टीव्हीचा पडदा दोन्हीकडे ४:३ या प्रमाणाचा. त्यावर आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके बसवले, तर एकेक ठिपका चौरस असेल का? ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५, पडद्याचे प्रमाण मात्र १.३३. म्हणजे ठिपका उंचीपेक्षा थोडा रुंद असायला हवा. किती? १६:१५. हेच प्रमाण आम्ही पट्टीने मोजले होते!

संगणकाचे ठिपके मात्र चौरस असतात. १९८७ साली आयबीएमने ६४० × ४८० ठिपक्यांचा पडदा रूढ केला. ६४० भागिले ४८० म्हणजे बरोबर ४:३. आमच्या कॅमेऱ्याने हाच आकार वापरला होता. आमच्या सॉफ्टवेअरने टीव्हीचे ठिपकेही चौरसच समजून ६४० × ४८० चे ७२० × ५४० केले आणि वरखाली काळ्या पट्ट्या जोडल्या. संगणकाच्या हिशेबाने हे बरोबर होते. टीव्हीने मात्र आपल्या रीतीप्रमाणे प्रत्येक ठिपका १६:१५ ने रुंद केला आणि कंकण चपटे झाले.

पाच मिनिटांची तबकडी

आता 'चुकीची तबकडी' या निरोपाकडे वळू. ७२० × ५७६ चे एक चित्र घेऊ. रंगाचे तपशील डोळ्याला बारकाईने कळत नाहीत, म्हणून ते कमी मोजले तरी एका ठिपक्याला सरासरी दीड बाइट लागतो. मग सेकंदाला ७२० × ५७६ × २५ × १.५, म्हणजे सुमारे १ कोटी ५५ लाख बाइट. एका थराच्या डीव्हीडीत ४७० कोटी बाइट मावतात. भागाकार करून पाहा. सारे मिळून पाच मिनिटे! चित्रपट तर सव्वादोन तासांचा हवा. म्हणजे माहिती आटवून सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर आणायला हवी आणि तरीही पाहणाऱ्याला फरक जाणवता कामा नये.

हे ज्या गणितामुळे जमले, त्यामागे बंगळूरमध्ये जन्मलेला एक अभियंता आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा. बंगळूरला अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी कोसाइन तरंगांवर आधारलेल्या एका नव्या रूपांतराच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. परीक्षकांपैकी कोणाला ही कल्पना फारच साधी वाटली, असे अहमद यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन हा त्यांचा विद्यार्थी आणि के. आर. राव हे सहकारी यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कल्पना खरोखरच साधी आहे. समजा, ओळीने आठ ठिपक्यांची प्रखरता अशी आहे: १२०, १२२, १२४, १२६, १२८, १३०, १३२, १३४. हे मित्राला फोनवर सांगायचे तर आठही आकडे सांगायला हवेत का? "सरासरी १२७, प्रत्येक पायरी दोनाची" एवढे दोन आकडे पुरतात. चित्रातले बहुतेक भाग असेच असतात. आकाश, भिंत, कपाळ, इथे प्रखरता हळूहळू बदलते. अहमद यांचे रूपांतर हेच काम कोसाइन तरंगांच्या साहाय्याने करते. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे तुकडे पाडले, की प्रत्येक तुकड्यातल्या ६४ आकड्यांची जागा दुसरे ६४ आकडे घेतात. पहिला असतो सरासरीशी निगडित, पुढचे क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या चढउतारांचे. यातले शेवटचे बरेच आकडे शून्याच्या जवळ असतात. ते सोडून दिले तर डोळ्याला पत्ता लागत नाही. फार सोडले तर मात्र चित्रावर चौकोनी फरशा दिसू लागतात. त्या तुम्ही खराब तबकडीवर नक्की पाहिल्या असतील.

दुसरी युक्ती काळाशी निगडित आहे. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात चित्रात फारसे काही बदलत नाही. मग दरवेळी अख्खे चित्र कशाला पाठवायचे? एक चित्र पूर्ण द्यायचे आणि पुढच्या चित्रांसाठी "हा तुकडा थोडा डावीकडे सरकला" एवढेच कळवायचे.

करार

या दोन युक्त्या एकत्र करून सर्वांना एकच रीत घालून द्यावी, या हेतूने जानेवारी १९८८ मध्ये इटलीचे लिओनार्दो किआरिल्योने आणि जपानचे हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने 'एमपेग' हा तज्ज्ञगट स्थापन झाला. त्याचे पहिले मानक साध्या सीडीच्या वेगात, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ लाख बिटांत, चित्र आणि आवाज बसवण्यासाठी होते. त्यातून १९९३ साली व्हिडिओ सीडी आली. १९९४ मध्ये टीव्हीच्या पूर्ण आकाराच्या चित्रासाठी 'एमपेग-२' मान्य झाले.

या मानकांत एक शहाणपणाची गोष्ट होती. फाईल 'वाचायची' कशी, हे त्यांनी अक्षरशः बिटाबिटाने ठरवून दिले. ती 'लिहायची' कशी, हे मात्र मोकळे सोडले. लिहिणाऱ्याने हवी ती चतुराई वापरावी, फक्त वाचणाऱ्याला कळेल असे लिहावे. आपण निबंध तपासताना शुद्धलेखनाचे नियम सर्वांना सारखे लावतो आणि विचार ज्याचे त्याला करू देतो, तसेच हे.

याच सुमारास तबकडीच्या दोन गटांत चुरस लागली होती. एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा, टाइम वॉर्नर आणि त्यांचे सहकारी. संगणक कंपन्यांनी दबाव आणला, दोन्ही गटांनी १९९५ मध्ये समेट केला आणि १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये पहिले डीव्हीडी प्लेअर विक्रीला आले.

प्लेअर घराघरांत परवडायचा तर स्वस्त हवा. म्हणून त्यात एमपेग-२ वाचणारी ठरावीक कामाची चिप बसवली गेली. या चिपजवळ सुमारे २२४ किलोबाइटची छोटी साठवण असते. ही साठवण म्हणजे घराच्या गच्चीवरची टाकी समजा. तबकडीवरून माहिती येत राहते, चिप कधी कमी तर कधी जास्त उपसते. टाकी रिकामी पडली तर चित्र थांबणार. म्हणून चित्राची माहिती सेकंदाला ९८ लाख बिटांच्या वर जाता कामा नये, असे बंधन आले. आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा हवा. पूर्ण चित्र दर १५ चित्रांमागे एकदा तरी यावे, म्हणजे तबकडी मध्येच कुठूनही सुरू करता येते. आणि हे सारे ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या क्रमाने हवे.

आता आमच्या फाईलकडे पाहा. चित्रे ३०, आकार ६४० × ४८०, आवाजाचे नमुने ११,०२५. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे आटवलेले, पुढच्या-मागच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे माहिती सेकंदाला सुमारे दोन मेगाबाइट, म्हणजे १६० लाख बिट. टाकीत येणाऱ्या धारेपेक्षा कितीतरी जास्त. चित्रे आटवायला कॅमेऱ्याने अहमद यांचेच गणित वापरले होते, हे खरे. पण लिपी तीच असली म्हणून भाषा तीच असते असे नाही. मराठी आणि नेपाळी दोन्ही देवनागरीतच लिहितात! संगणकाला नवे सॉफ्टवेअर घालून नवी भाषा शिकवता येते. प्लेअरमधली चिप मात्र १९९५ च्या करारापुरतीच शिकलेली होती.

लिहिण्याचे स्वातंत्र्य

संगणकावरच्या भाषा तर पुढे झपाट्याने वाढल्या. १९९९ मध्ये एमपेग-४ आले. त्याच सुमारास झेरोम रोता या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एका आवृत्तीत फेरफार करून 'डिव्हएक्स' पसरवले आणि अख्खा चित्रपट साध्या सीडीवर मावू लागला. २००३ मध्ये एच-२६४ आले. बहुतेक मोबाईल फोनांनी पुढे तेच स्वीकारले. दरवेळी फाईल लहान झाली आणि जुना प्लेअर आणखी मागे पडला.

मग जुन्या प्लेअरसाठी लिहून देणार कोण? लिहिण्याची रीत मोकळी सोडल्याचा फायदा इथे दिसतो. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 'एफएफएमपेग' हा प्रकल्प सुरू केला. त्याचा सारा मजकूर सर्वांना खुला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. तबकडीवरच्या फाईलींच्या मांडणीचे अधिकृत पुस्तक मात्र पैसे भरून आणि गुप्ततेची हमी देऊन मिळत असे. तेव्हा हौशी मंडळींनी बाजारातल्या तबकड्या तपासून ती मांडणी उलगडली. एमपेग-२ वर पेटंटेही होती. अमेरिकेतले शेवटचे फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले.

एफएफएमपेगला 'टार्गेट पाल-डीव्हीडी' एवढी एकच आज्ञा देता येते. तेवढ्यावर तो ७२० × ५७६, सेकंदाला २५ चित्रे, ४८,००० नमुने, १५ चित्रांचा गट, २२४ किलोबाइटची टाकी, हे सारे आपणहून भरतो. वर सांगितलेला साठ वर्षांचा इतिहास त्या दोन शब्दांत दडलेला आहे.

पुन्हा एकदा

आम्ही मूळ फाईल पुन्हा घेतली. चित्र काळ्या पट्ट्यांशिवाय पूर्ण ७२० × ५७६ मध्ये ताणले आणि पडद्याचे प्रमाण ४:३ अशी नोंद केली. संगणकावर ही नोंद न पाळता चित्र उघडले तर कंकण उभट दिसे. टीव्हीवर मात्र ते पट्टीने मोजल्यावर दोन्ही बाजूंनी सारखे भरले. मोजायला तीच मुलगी पुढे आली होती.

पण एक गोष्ट आमच्या नंतर लक्षात आली. ३० ची २५ करताना प्रत्येक सहावे चित्र गळाले होते. दोन मेगाबाइटची माहिती एक मेगाबाइटच्याही खाली आणताना बारीक तपशील गेले होते. तबकडीवरून उलट फाईल केली तरी ते परत येणार नव्हते. रूपांतर म्हणजे भाषांतर, आणि भाषांतराचे भाषांतर मुळापासून दूरच जाते. म्हणून आम्ही तबकडी दाखवण्यासाठी ठेवली आणि कॅमेऱ्यातली फाईल जपण्यासाठी, दोन वेगळ्या ठिकाणी.

याचा उपयोग झाला. २६ डिसेंबर २०१९ रोजी पुन्हा कंकणाकृती ग्रहण आले, या वेळी केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या काही भागांतून. सरांनी ते फोनवर टिपले. शाळेतला प्लेअर तोवर भंगारात गेला होता आणि २०१० ची तबकडी मध्येच अडकू लागली होती. नव्या टीव्हीला मागे पेनड्राइव्हची जागा होती. आम्ही नऊ वर्षांपूर्वीच्या मूळ फाईलवरून नवे रूपांतर केले, या वेळी एकही चित्र न गाळता, आणि दोन्ही कंकणे एकापाठोपाठ दाखवली. २०१० च्या कंकणाची कडा २०१९ च्या कंकणापेक्षा बरीच जाड होती, कारण त्या वेळी चंद्र पृथ्वीपासून तुलनेने अधिक लांब होता. हा फरक आम्हांला पट्टीने मोजता आला.

तुमच्या शाळेच्या कपाटातही स्नेहसंमेलनाच्या, सहलींच्या, एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या प्रयोगांच्या तबकड्या असतील. त्या वाचणारे यंत्र जवळपास आहे तोवर त्यांतल्या फाईली जशाच्या तशा, काहीही न बदलता, संगणकावर उतरवून घ्या. रूपांतर नंतर केव्हाही करता येईल. आणि केल्यावर पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधून, तिला पट्टी लावायला एखाद्या मुलाला किंवा मुलीला नक्की सांगा.